बिऱ्हाड कोठे मांडावे? : दुबई आणि मस्कत

अरबी समुद्राच्या दोन्ही काठांचा संबंध तेलाच्या शोधापेक्षा कितीतरी जुना आहे. कच्छमधील मांडवीचे व्यापारी मस्कतच्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेले होते. तेथील खिमजी रामदास ही पेढी १८७० सालची आहे. दुबईच्या आणि मस्कतच्या बाजारात एके काळी भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी निराळ्या रुपयाच्या नोटा काढल्या. त्यांचा वापर दुबई व आसपासच्या अमिरातींत १९६६ मध्ये आणि ओमानमध्ये १९७० मध्ये संपला. मुंबईहून कराची-मस्कतमार्गे आखातात जाणाऱ्या उतारू बोटींपैकी शेवटची ‘द्वारका’ ही १९८२ पर्यंत फेऱ्या करीत होती. सांगण्याचे तात्पर्य एवढेच की, ह्या देशांत जाणे ही भारतीय माणसाला नवी गोष्ट नाही.

१९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि ह्या जाण्याचे रूप मात्र बदलले. पूर्वी व्यापारी आणि खलाशी जात, आता कामगार, परिचारिका, कारकून आणि अभियंते जाऊ लागले. आज संयुक्त अरब अमिरातीत पस्तीस लाखांहून अधिक, तर ओमानमध्ये सुमारे सात लाख भारतीय राहतात. त्यांतील बहुतेक पुरुष एकटेच राहतात. घरी पैसे पाठवावेत आणि वर्षा-दोन वर्षांनी गावी यावे, अशी त्यांची रीत असते. ज्यांचे शिक्षण आणि वेतन थोडे अधिक आहे त्यांच्यापुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहतो. बायकोमुलांना बरोबर न्यावयाचे, तर कोणत्या देशात? प्रस्तुत प्रकरणात ह्या प्रश्नाचा विचार दोन शेजारी देशांच्या संदर्भात करावयाचा आहे.

प्रश्न कोणत्या टोकाकडून सोडवावा?

ही तुलना लोक बहुधा वेतनाच्या आकड्यापासून सुरू करतात. ते स्वाभाविक असले तरी पुरेसे नाही. कारण दोन्ही देशांत एक गोष्ट समान आहे, आणि तिचा विसर पडला की पुढचा सगळा हिशेब चुकतो. कितीही वर्षे राहिले तरी केवळ वास्तव्याच्या बळावर सामान्य परदेशी माणसाला तेथे नागरिकत्व मिळत नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात गेलेले कुटुंब ‘तेथलेच’ होऊ शकते. आखातात गेलेले कुटुंब आज ना उद्या परत येते किंवा तिसऱ्या देशी जाते. म्हणजे परतीची वेळ अनिश्चित असते, परत येणे मात्र निश्चित असते.

ही परत येण्याची वेळ कधी कधी न सांगता येते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी स्वदेशी आणावे लागले. अनेकांची वीस-वीस वर्षांची मिळकत तेथेच राहिली. २०२० च्या मे महिन्यात साथीच्या काळात ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमाने अबू धाबीहून कोचीला आणि दुबईहून कोळिकोडला आली. त्यांतून उतरलेल्या माणसांपैकी अनेकांची नोकरी गेलेली होती. अशा प्रसंगी पगार किती होता हे कोणी विचारीत नाही. हाती काय उरले, मुलांचे शिक्षण कोठे अडले आणि घर पुन्हा उभे करावयास किती काळ लागेल, हेच प्रश्न उरतात.

म्हणून दुबई की मस्कत हा प्रश्न जाण्याच्या टोकाकडून नव्हे, तर परतीच्या टोकाकडून सोडवावयास हवा. हे कसे करावयाचे ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, कोईमतूर किंवा कोल्हापूर येथील एक लेखापाल आहे. वय अडतीस. पत्नी पदवीधर असून शाळेत शिकवते. मुलगी सातवीत आणि मुलगा दुसरीत आहे. त्याला दोन ठिकाणांहून बोलावणे आले. दुबईच्या कंपनीने दरमहा १५,००० दिरहम देऊ केले आणि मस्कतच्या कंपनीने १,४०० रियाल. दोन्हीकडे मूळ वेतन एकूण वेतनाच्या साठ टक्के आहे, म्हणजे अनुक्रमे ९,००० दिरहम आणि ८४० रियाल. त्याने कोठे जावे?

नाण्यांचा हिशेब

प्रथम दोन्ही आकडे एका मापात आणले पाहिजेत. दिरहम आणि रियाल ही दोन्ही नाणी अमेरिकी डॉलरशी स्थिर दराने बांधलेली आहेत. १९८६ पासून एक रियाल म्हणजे सुमारे २.६० डॉलर, आणि १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. त्यावरून एक रियाल म्हणजे सुमारे ९.५५ दिरहम होतात. रुपयाची किंमत डॉलरच्या मानाने घसरली किंवा वाढली, तर तिचा परिणाम दोन्ही देशांतून येणाऱ्या पैशावर सारखाच होतो. तेव्हा ‘कोणते नाणे चांगले’ हा वाद निरर्थक होय.

ह्या दराने मस्कतचे १,४०० रियाल म्हणजे सुमारे १३,३७० दिरहम झाले. दुबईचे वेतन दरमहा १,६३० दिरहमांनी अधिक आहे. वर्षाला हा फरक १९,५६० दिरहमांचा आणि पाच वर्षांत ९७,८०० दिरहमांचा होतो. वरवर पाहता दुबईचे पारडे जड आहे.

कराच्या बाबतीत आज दोन्ही देशांत वेतनावर आयकर नाही. मालावर आणि सेवेवर पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे. तो अमिरातीत २०१८ च्या जानेवारीपासून आणि ओमानमध्ये २०२१ च्या एप्रिलपासून सुरू झाला. ओमानने २०२५ साली वैयक्तिक आयकराचा कायदा केला, आणि आखाती सहकार्य परिषदेच्या देशांत असे करणारा तो पहिलाच देश ठरला. हा कर २०२८ पासून लागू व्हावयाचा असून तो वर्षाला ४२,००० रियालांहून अधिक उत्पन्नावर पाच टक्के दराने आकारला जाईल. आपल्या लेखापालाचे वार्षिक वेतन १६,८०० रियाल आहे. तेव्हा ह्या बातमीने त्याने घाबरण्याचे कारण नाही.

निरोप देताना मिळणारी रक्कम

परतीच्या टोकाला उभे राहिले की पहिली गोष्ट दिसते ती सेवासमाप्तीच्या वेळी मिळणाऱ्या उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची. दोन्ही देशांत परदेशी नोकराला निवृत्तिवेतन नाही. त्याच्या जागी हीच एक रक्कम असते आणि ती मूळ वेतनावर मोजली जाते. म्हणून करारात एकूण वेतनाचा आकडा मोठा आणि मूळ वेतनाचा आकडा लहान ठेवला असेल, तर नोकराचे नुकसान शेवटच्या दिवशी उघड होते.

अमिरातीचा श्रमविषयक कायदा २०२२ च्या फेब्रुवारीपासून नव्याने अमलात आला. त्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचे आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी तीस दिवसांचे मूळ वेतन मिळते. एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनाहून अधिक होत नाही. ओमानच्या २०२३ च्या श्रम कायद्याने प्रत्येक वर्षासाठी पूर्ण एक महिन्याचे मूळ वेतन ठरवून दिले आहे.

आता आपल्या उदाहरणाचा हिशेब करू. दुबईत पाच वर्षांनंतर १०५ दिवसांचे वेतन, म्हणजे ३१,५०० दिरहम मिळतील. मस्कतमध्ये पाच महिन्यांचे वेतन, म्हणजे ४,२०० रियाल मिळतील. त्यांचे सुमारे ४०,११० दिरहम होतात. वेतन कमी असूनही मस्कतची रक्कम ८,६१० दिरहमांनी अधिक भरते. दहा वर्षांनंतर मात्र दुबईत ७६,५०० दिरहम आणि मस्कतमध्ये सुमारे ८०,२२० दिरहम होतात, म्हणजे अंतर कमी होत जाते. ओमानच्या २०२३ च्या सामाजिक संरक्षण कायद्यात परदेशी नोकरांसाठी ह्या उपदानाऐवजी बचतनिधीची योजना घातलेली आहे. ती ज्या दिवसापासून लागू होईल, त्या दिवसापासून पुढच्या सेवेचा हिशेब त्या रीतीने करावा लागेल.

पाच वर्षांचा वेतनातील फरक ९७,८०० दिरहम आहे. त्यातून उपदानातील फरक ८,६१० वजा केला तर ८९,१९० दिरहम उरतात, म्हणजे वर्षाला सुमारे १७,८०० दिरहम. दुबईच्या बाजूने एवढेच अधिक आहे. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व तुलना त्याच्याशी करावयाची आहे. घरभाडे आणि शाळेचे शुल्क मिळून दुबईत मस्कतपेक्षा वर्षाला १७,८०० दिरहमांनी अधिक लागत असतील, तर मोठ्या पगाराचा लाभ संपला असे समजावे.

घर आणि शाळा

दुबईत घर भाड्याने घेताना भाडे वर्षाचे ठरते. ते एका, दोन किंवा चार धनादेशांनी देण्याची प्रथा आहे, आणि पुढच्या तारखांचे धनादेश घरमालक आधीच घेऊन ठेवतो. त्यामुळे नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिला पगार हाती येण्यापूर्वीच मोठी रक्कम उभी करावी लागते. त्याखेरीज अनामत रक्कम आणि दलाली असते. वार्षिक भाड्याच्या पाच टक्के इतके गृहशुल्क विजेच्या व पाण्याच्या बिलातून दरमहा भरावे लागते. भाडेवाढीला मात्र मर्यादा आहे. २०१३ च्या हुकमानुसार चालू भाडे त्या भागातील सरासरीपेक्षा किती कमी आहे हे पाहून वाढ ठरते, आणि ती कोणत्याही परिस्थितीत वीस टक्क्यांच्या वर जात नाही. करारातील बदलाची सूचना नव्वद दिवस आधी द्यावी लागते. दुबईचे भाडे परवडत नाही म्हणून अनेक भारतीय कुटुंबे शेजारच्या शारजात किंवा अजमानमध्ये राहतात. तेथे भाडे वाचते, पण रोजचे कित्येक तास रस्त्यावरील गर्दीत जातात. पैशाचा हिशेब करताना हा वेळही जमेस धरावा. जो बाप मुले झोपल्यावर घरी येतो, त्याने कुटुंब बरोबर आणून काय साधले, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

मस्कत हे डोंगर आणि समुद्र ह्यांच्यामध्ये लांबवर पसरलेले, बुटक्या इमारतींचे शहर आहे. तेथे भाडी सर्वसाधारणपणे दुबईपेक्षा कमी असतात. दुबईत २००९ पासून मेट्रो आहे, मस्कतमध्ये ती नाही. बसची सोय असली तरी तिच्यावर विसंबून कुटुंबाला राहता येत नाही. मोटारगाडी घ्यावीच लागते, आणि घरात एकच गाडी असली तर नवरा कामावर गेल्यानंतर पत्नीला घरात अडकून पडल्यासारखे होते. भाड्यातील बचतीतून गाडीचा खर्च वजा केल्यावरच खरा फरक समजतो.

शाळांच्या बाबतीत दोन देशांची रीत पुष्कळच निराळी आहे. दुबईतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा बहुतांशी खाजगी संस्थांनी चालविलेल्या असतात. त्यांच्या शुल्कात फार मोठी तफावत आढळते. तेथील ज्ञान आणि मनुष्यबळ विकास अधिकरणाने तपासणी करून शाळांना ‘उत्कृष्ट’पासून ‘दुर्बल’पर्यंत दर्जे दिले आहेत आणि ते अहवाल सर्वांना वाचावयास मिळतात. शुल्कवाढीवरही ह्या अधिकरणाचे नियंत्रण असते. ओमानमध्ये भारतीय समाजाने चालविलेल्या, नफ्याचा हेतू नसलेल्या शाळांची परंपरा आहे. इंडियन स्कूल मस्कत ही १९७५ सालची आहे. आज देशभर अशा वीसहून अधिक शाळा आहेत. त्यांच्यावर एक संचालक मंडळ असून त्यात पालकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असतात. ह्या शाळांचे शुल्क मध्यमवर्गीय पगाराला झेपेल असे ठेवण्याकडे कल असतो. उलट वर्गातील मुलांची संख्या मोठी असते आणि निवडीला वाव कमी असतो. ज्याला अनेक शाळांतून निवड हवी आहे त्याला दुबई सोयीची. ज्याला माफक खर्चात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम हवा आहे त्याला मस्कत सोयीचे.

शुल्काहूनही महत्त्वाची गोष्ट इयत्तेची आहे. केंद्रीय मंडळाच्या परीक्षेसाठी विद्यार्थ्यांची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. त्यामुळे दहावीत किंवा बारावीत मध्येच शाळा बदलणे अवघड होऊन बसते. आपल्या लेखापालाची मुलगी सातवीत आहे. आता जाण्यास हरकत नाही. परंतु दोन वर्षांचा करार करून गेल्यास ती नववी पुरी करील आणि नेमक्या दहावीच्या तोंडावर परतीचा प्रश्न उभा राहील. तेव्हा कराराची मुदत आणि मुलीची इयत्ता ही दोन कोष्टके शेजारी मांडून पाहावीत. तीन वर्षे राहून तिची दहावी, किंवा पाच वर्षे राहून बारावी, ह्या दोनच ठिकाणी परतीचा सुरळीत घाट सापडतो. जो बाप केवळ पगाराकडे पाहून दोन वर्षांचा करार करतो, तो नकळत मुलीच्या शिक्षणाचा सर्वांत नाजूक काळ पणाला लावीत असतो.

नोकरी गेली तर?

दोन्ही देशांत निवासाचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो, आणि पत्नीमुलांचा परवाना कुटुंबप्रमुखाच्या परवान्याशी. नोकरी ही जणू घराची खुंटी आहे. ती निसटली की सर्व घर खाली येते. म्हणून कोणत्या देशात ही खुंटी किती घट्ट आहे आणि ती निसटल्यावर दुसरी शोधावयास किती सवड मिळते, ह्याची चौकशी वेतनाच्या चौकशीइतक्याच काळजीने करावी.

ओमानने आपल्या नागरिकांना काम मिळावे म्हणून अनेक पदे परदेशी माणसांसाठी बंद केलेली आहेत. २०१८ च्या जानेवारीत ८७ प्रकारच्या पदांसाठी नवे परवाने थांबविण्यात आले. २०२१ च्या जुलैपासून विमा कंपन्या, मोटारगाड्यांची दुकाने आणि व्यापारी संकुलातील दुकाने ह्यांतील काही पदे, त्यांत हिशेबाची पदेही, ओमानी नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आली. २०२२ मध्ये अशा व्यवसायांची यादी दोनशेहून अधिक झाली. ह्या धोरणात गैर काही नाही. आपल्या मुलांना काम देणे हे कोणत्याही राज्याचे कर्तव्यच आहे. तथापि आपल्या लेखापालाला त्यातून एक स्पष्ट सूचना मिळते. परवान्यावर त्याच्या पदाचे जे नाव लिहिले जाईल, त्यावर त्याचे भवितव्य अवलंबून राहील. मालकाने ते नाव कोणते लिहिणार हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

अमिरातीनेही नागरिकांना खाजगी क्षेत्रात आणण्याचे धोरण स्वीकारले आहे, पण त्याची पद्धत वेगळी आहे. तेथे पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना कुशल पदांवरील नागरिकांचे प्रमाण २०२२ पासून दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढवावयास सांगण्यात आले. ओमानमध्ये एखादे पदच बंद होते, अमिरातीत मात्र प्रमाण ठरविले जाते. ज्याचा व्यवसाय ओमानच्या यादीच्या जवळपास आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

नोकरी बदलण्याच्या बाबतीत ओमानचे नियम पूर्वी फार कडक होते. जुन्या मालकाचे ‘ना हरकत’ पत्र नसेल तर परदेशी नोकराला दोन वर्षे त्या देशात नव्याने काम घेता येत नसे. २०२१ च्या जानेवारीपासून, करार पूर्ण झाल्यावर, हे पत्र लागत नाही. अमिरातीत २०२३ च्या जानेवारीपासून बेकारीचा विमा सक्तीचा आहे आणि तो परदेशी नोकरांनाही लागू होतो. किमान बारा महिने वर्गणी भरलेल्या माणसाची नोकरी त्याचा दोष नसताना गेली, तर मूळ वेतनाच्या साठ टक्के रक्कम, ठरलेल्या कमाल मर्यादेत, तीन महिन्यांपर्यंत मिळते. स्वतः राजीनामा दिला तर ती मिळत नाही. शिवाय दुबई हे मोठे व्यापारी शहर असल्यामुळे दुसऱ्या कंपनीत जागा मिळण्याची शक्यता तेथे अधिक असते. मस्कतचा बाजार लहान आहे. तेथे नोकरी गेली तर बहुधा परतीचे तिकीटच काढावे लागते.

पत्नीच्या नोकरीचा विचारही येथेच करावा. आपल्या उदाहरणातील पत्नी शिक्षिका आहे. दुबईत शाळांची संख्या मोठी असल्याने तिला काम मिळण्याचा संभव अधिक आहे, आणि नवऱ्याच्या आधाराने राहणाऱ्या पत्नीला तेथे मालकाकडून कामाचा परवाना घेऊन नोकरी करता येते. दोन मिळकती असतील तर दुबईचे भाडे जड वाटत नाही. एकाची नोकरी गेली तरी काही काळ निभाव लागतो. एकच मिळकत असेल तर मात्र दुबईतील खर्च आणि मस्कतमधील अनिश्चितता ह्यांपैकी कोणते ओझे आपण पेलू शकतो, हे प्रामाणिकपणे ठरवावे लागते.

रोजचे जीवन

दोन्ही ठिकाणी मंदिरे, भारतीय भोजनालये आणि निरनिराळ्या भाषिकांची मंडळे आहेत. मस्कतमध्ये शंकराचे आणि कृष्णाचे मंदिर पूर्वीपासून आहे. अबू धाबीतील दगडी मंदिराचे उद्‌घाटन २०२४ च्या फेब्रुवारीत झाले. उन्हाळा दोन्हीकडे असह्य असतो. मस्कतहून मुंबईला विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात, दुबईहून तीन तासांच्या आसपास. वृद्ध आईवडिलांच्या आजारपणात धावून जाणाऱ्याला हा अर्ध्या तासाचा फरक नगण्य असतो. रजा मिळते की नाही, हाच खरा प्रश्न असतो.

एक लहानसा फरक मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अमिरातीत २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी कचेऱ्यांना आणि शाळांना शनिवार-रविवारची सुट्टी असून शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. केवळ शारजात शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी आहे. ओमानमध्ये २०१३ पासून शुक्रवार-शनिवारची सुट्टी आहे. रविवारी सकाळी मस्कतमधील मुले दप्तर घेऊन शाळेत निघतात, तेव्हा भारतातील आजी-आजोबा दूरध्वनीपाशी वाट पाहत बसलेले असतात.

निर्णयाची रीत

आता आपल्या लेखापालाकडे परत येऊ. त्याने काय करावे, हे कोणत्याही पुस्तकाने सांगू नये. पण कोणत्या क्रमाने विचार करावा एवढे सांगता येते. प्रथम परतीचे वर्ष ठरवावे, आणि ते मुलीच्या दहावीशी किंवा बारावीशी जुळते घ्यावे. त्यानंतर दोन्ही शहरांतील विशिष्ट भागातील भाडे आणि विशिष्ट शाळेचे शुल्क लिहून काढावे आणि त्यांतील फरक वर्षाला १७,८०० दिरहमांच्या आकड्याशी ताडून पाहावा. मग परवान्यावरील पदाचे नाव, मूळ वेतन, विमानतिकिटे, कुटुंबाच्या आजारपणाचा विमा आणि निरोपाच्या वेळची रक्कम करारात लिहून घ्यावी. शेवटी पत्नीच्या नोकरीचा प्रश्न तिच्याच तोंडून सोडवावा.

असे केल्यावर चित्र बरेच स्पष्ट होते. पत्नी नोकरी करणार असेल, आणि आपला व्यवसाय असा असेल की एका दारातून बाहेर पडल्यास दुसरे उघडेल, तर दुबई बरी. मिळकत एकच असेल, कंपनी जुनी आणि भरवशाची असेल, पद बंद यादीच्या दूर असेल आणि संध्याकाळी लवकर घरी येणे मोलाचे वाटत असेल, तर मस्कत बरे. दोन्हीपैकी कोणत्याही ठिकाणी शिल्लक पुरेशी उरत नसेल, तर कुटुंबाने गावीच राहावे, हाही एक सन्माननीय निर्णय आहे. केरळमधील आणि कोकणातील हजारो घरांनी तो घेतलेला आहे आणि त्याची किंमतही मोजलेली आहे.

काही खबरदाऱ्या दोन्ही देशांसाठी सारख्याच आहेत. नोकरी लावून देणारा दलाल भारत सरकारकडे नोंदलेला आहे, हे पाहून घ्यावे. सहलीच्या व्हिसावर जाऊन ‘तेथे गेल्यावर सगळे होईल’ ह्या आश्वासनावर विसंबू नये. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पदवीची प्रमाणपत्रे भारतातच रीतसर प्रमाणित करून न्यावीत, कारण त्यांवाचून कुटुंबाचा परवाना अडतो. मालकाने पारपत्र स्वतःजवळ ठेवून घेणे दोन्ही देशांच्या कायद्यांना मान्य नाही. ते आपल्याकडेच ठेवावे. पहिले सहा महिने एकट्याने राहून, घर आणि शाळा प्रत्यक्ष पाहून, मग कुटुंबाला बोलावणे हे बहुतेकांना हितावह ठरते.

आणखी एक गोष्ट. भारतातील घर मोडून टाकू नये. भाड्याचे असेल तर निदान सामान नातलगांकडे ठेवावे. मुलांना मातृभाषा वाचता-लिहिता येईल अशी व्यवस्था तेथेही करावी. सातवीत गेलेली मुलगी बारावी होऊन परत येईल, तेव्हा ती ज्या गावी येणार आहे ते गाव तिला परके वाटू नये. दुबई असो वा मस्कत, आपण तेथे बिऱ्हाडकरू आहोत. बिऱ्हाड नीटनेटके असावे आणि त्यात सुखाने राहावे, परंतु ते उचलण्याचा दिवस कोणता हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे.